बाणात घातलेलं कुलूप

रशियाने कुत्री आभाळात पाठवली तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीत आठवडाभर तोच विषय होता. मला त्या कुत्रीची दया नाही, रशियाचा राग आला. तिला कोणी विचारलं होतं? पण माझ्या नवऱ्याच्या डोक्यात ती जी बसली ती बसलीच. बाणावरून एखादी वस्तू वर न्यायची आणि वरून अलगद सोडायची, हे त्याला तेव्हापासून करून बघायचं होतं.

बाण म्हणजे दिवाळीत उडवतात तो, पण हातभर लांब आणि मनगटाएवढा जाड. त्याचे वडील गावच्या जत्रेत शोभेची दारू उडवायचे, ते बघत तो वाढला. मुंबईत येऊन गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागला. पुढे पट्ट्यात हात सापडला, दोन बोटं गेली आणि मागोमाग कामही गेलं. मी खाणावळ चालवत होते. गावचे गडी आमच्या खोलीत दोन वेळ जेवायचे आणि त्यावर आमचं बरं भागत होतं. पण बायकोच्या खाणावळीवर बसून खायची त्याला लाज वाटायची. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत कोकणात गावी जायचं असं त्याने ठरवलं आणि पत्र्याची ट्रंक भरून, कुलूप लावून, दाराशी आणून ठेवली.

गावी चूल सासूची होती. इथली माझी होती. मला जायचं नव्हतं आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. तो ऐकून घ्यायचा आणि विडी पेटवायचा.

तेवढ्यात मुंबईसकट महाराष्ट्र होणार हे पक्कं झालं. आमच्या उत्सव मंडळाने ठरवलं की राज्य होईल त्या दिवशी मैदानावर बाण वर जाऊन फुटावा आणि त्यातून गुलाल आणि कागदी झेंडे खाली यावेत. नवरा म्हणाला, मी करतो. मंडळाचे सेक्रेटरी फोर्टात कारकून होते, सगळ्याची खात्री करून घेणारे. ते म्हणाले, "आधी एकदा उडवून दाखवा. नाही जमलं तर बाहेरचा दारूवाला बघू. त्या दिवशी मंडळाचं हसं नको."

जेवताना नवरा मला म्हणाला, "ह्यो बाण गेलो तर हंयच ऱ्हवाया. दारूकामच करीन. नाय गेलो तर गावाक."

"आणि मी काय म्हणते त्याला काय किंमत?"

"तुझा ऐकूनच बाण करतंय मां," तो म्हणाला आणि आणखी भात मागितला.

चाळीत दारू कुटायला बंदी होती आणि ती बरोबरच होती. घोडपदेवला त्याच्या मावसभावाचा रिकामा तबेला होता, तिथे तो काम करायचा. मी डबा घेऊन जायचे आणि बाणाच्या नळीला खळ लावून कागद गुंडाळून द्यायचे. आठच बोटं होती त्याला, पण माझ्यापेक्षा घट्ट गुंडाळायचा. बाण त्याने दोन केले. जत्रेचा बाण कधी एकटा करायचा नाही, जोडीने करायचा, असं त्याच्या वडिलांनी घालून दिलं होतं.

अडलं ते गुलालावर. चाळीतले सगळ्यांत म्हातारे आजोबा, मालवणचे, म्हणाले, "गुलाल आधी उधळूचो नाय. माणसां मेली हत ह्याच्यासाठी. राज्य होवंदे, मगे." यावर कोणी वाद घातला नाही. चळवळीतल्या गोळीबारात मेलेला एक पोरगा आमच्याच गल्लीतला होता.

मग गुलालाच्या वजनाचं दुसरं काहीतरी घालायचं ठरलं, आणि कुत्री वर गेलेली सगळ्यांच्या लक्षात होती. ज्याला त्याला आपलं काहीतरी वर पाठवायचं होतं. चाळीतल्या शाळामास्तरांनी खडूचा तुकडा दिला. तळमजल्याच्या काकूंनी नातवाचा पडलेला दात दिला, कारण तो कौलावर टाकायचा तर चाळीला कौलं कुठून आणायची? आजोबांनी सुका बोंबील आणला.

"बोंबील कशाला, आजोबा?"

"वर भूक लागली तर?"

"कोणाला?"

"बाणाक गो!"

पलीकडच्या चाळीत माझी एक मैत्रीण होती, बौद्ध. मी तिला आक्का म्हणायचे. वस्तू हळू खाली यायला छत्री पाहिजे होती, तर तिने आपल्या निळ्या लुगड्याचा चांगला तुकडा फाडून दिला. वर बजावलं, "तुमच्या नारळबिरळाच्या भानगडीत मला धरू नको हां. दीक्षा घेतल्यापासून ते सगळं सोडलंय मी. पण कापड माझं आहे, मी बघायला येणार."

सगळं वाण्याच्या तराजूत घातलं तर थोडं कमी भरलं. मी घरी जाऊन खुंटीवरच्या किल्लीने ट्रंकेचं कुलूप काढून आणलं आणि पिशवीत टाकलं.

नवऱ्याने बघितलं. "ह्या कशाक?"

"जड आहे. तुम्हाला वजनच पाहिजे ना?"

कुलपाची किल्ली माझ्या हातात होती, ती त्याने घेऊन आपल्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

रविवारी सकाळी ओहोटी बघून आम्ही शिवडीच्या खाडीवर गेलो. तिथे चिखलात कोणाच्या डोक्यात कुलूप पडायची भीती नव्हती. बाण बांबूला टेकवून उभा केला. आजोबांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान जो बाण केल्यान हा, तो सरळ वर जाऊंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"मुंबय आमका गावली हा, ती परत कोणी मागूक येता नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी आक्काचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी बघितलं तर म्हणाली, "मुंबईचं होतं म्हणून."

मग आजोबांनी नारळ फोडला आणि गिरणीत नवीन यंत्रावर शिंपडतात तसं सगळं पाणी बाणावर शिंपडलं. कोणी अडवलं नाही. कोणाच्या मनातच आलं नाही. नव्या वस्तूवर नारळाचं पाणी पडायचंच, माझ्या नवऱ्यानेही हात जोडलेले होते.

वात पेटली, चरचरली, थांबली, परत पेटली. बाण अर्धा माणूस उंच गेला, आडवा झाला आणि चिखलावरून वळवळत जाऊन डबक्यात विझला.

सेक्रेटरींनी रुमालाने तोंड पुसलं. "असू दे. प्रयत्न केलात. मी बाहेर बघतो."

नवरा खाली बसला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला त्या वेळी ट्रंकच दिसत होती. मी चिखलात उतरले, विझलेला बाण उचलला आणि वास घेतला. खोबऱ्याचा वास आला.

"वात ओली झाली," मी म्हटलं. "दुसरा आणलाय ना? काढा तो. अजून आपण घरी गेलेलो नाही."

पिशवीतला चिखल मी खाडीच्या पाण्यात धुतला, निळं कापड आक्काने पिळून उन्हात झटकलं. आजोबांचा चेहरा पडला होता. ते दुसरा नारळ पाठीमागे लपवत म्हणाले, "देवाक काय सांगू मगे?"

"सांगा, पण कोरडं सांगा."

"कोरड्यान देव ऐकता?"

"ऐकेल. त्याला कान आहेत. तहान लागली तर तुम्ही प्या."

सगळे हसले, नवराही. आजोबांनी लांब उभं राहून गाऱ्हाणं घातलं आणि नारळाचं पाणी खरंच स्वतः प्यायले.

दुसरा बाण गेला. असा गेला की मान मोडेपर्यंत वर बघावं लागलं. फट् असा बारीक आवाज झाला आणि निळी छत्री उघडली. आक्का ओरडली, "माझं लुगडं!" पिशवी उलटी झाली, खडू आणि दात कुठे गेले कोणाला दिसलं नाही. बोंबील मात्र दिसला, कारण एक घार आली आणि तिने तो हवेतच उचलला.

"बघ!" आजोबा म्हणाले. "भूक लागली मां वर?"

सेक्रेटरी अजून वरच बघत होते. म्हणाले, "गुलालाला पिशवी जरा मोठी लागेल. त्याचं बघा तुम्ही."

कुलूप सरळ खाली येऊन चिखलात रुतलं होतं. नवऱ्याने ते शोधून काढलं, धोतराला पुसलं आणि किल्ली घालून बघितलं. चालत होतं.

"आता ह्या खंय लावूचा?" त्याने विचारलं.

"तबेल्यात दारूची पेटी उघडी असते," मी म्हटलं. "तिला लावा."

त्याच संध्याकाळी तो घोडपदेवला जाऊन कुलूप लावून आला. ट्रंक मी रिकामी केली आणि तिच्यात खाणावळीचे तांदूळ भरले.