वचनाची चिठ्ठी

एखादी गोष्ट संपते, हे आमच्या पाळकसाहेबांच्या थोरल्या बहिणीला उभ्या जन्मात पटलं नाही. सगळी मंडळी त्यांना आक्का म्हणत. पाळकसाहेबही आक्काच म्हणत, आणि जरा घाबरूनच म्हणत. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. कल्याणच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती उपासनामंदिरात दर मे महिन्यात मुलांची दहा दिवस उन्हाळी शाळा भरायची. गाणी, गोष्टी आणि रोज एक वचन, म्हणजे पवित्र शास्त्रातली एखाद-दुसरी ओळ, पाठ करायची. मी पेटी वाजवायचो. समारोपाला बक्षिसं वाटून झाली, लिंबाचं सरबत संपलं, पताका उतरवल्या, की आम्हा शिक्षकांची शाळा सुटायची. आक्कांची तिथून भरायची! "मास्तर, पेटी झाकली म्हणजे गाणं संपलं का हो?" असं म्हणून त्या हजेरीचं बुक काखोटीला मारत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात हजर होत. पांढरं पातळ, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, हातात छत्री, आणि पिशवीत मुलांनी मागे टाकलेला ऐवज: एकच चप्पल, रिबिनी, एकदा तर फुटकी पाटीसुद्धा. ती परत करायला आम्ही दोन मैल चाललो होतो.

समारोपाला प्रत्येक मुलानं एकेक निश्चय बोलून दाखवायचा, असा आमच्याकडे रिवाज होता. बाकीच्यांच्या लेखी ती टाळ्यांपुरती गोष्ट. आक्का मात्र तो निश्चय बुकात नावापुढे लिहीत आणि मग घरोघर जाऊन तपासत. सुटीत कल्याणला मामाकडे आलेल्या एका मुलानं महिनाभर खोटं न बोलण्याचा निश्चय केला होता. त्याचे वडील ठाण्याला वकील. तिथेही आक्का मला घेऊन थडकल्या. वकीलसाहेबांनी पक्षकार समजून खुर्ची दिली आणि काय प्रकरण आहे म्हणून विचारलं. आक्का म्हणाल्या, "प्रकरण चिरंजीवांचं आहे. पण आधी घरात आणखी कोण कोण खोटं बोलतं, ते सांगा." वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसतच राहिले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. शीळफाट्याकडच्या एका मुलीनं आजीचे पाय चेपायचं ठरवलं होतं. आक्कांनी थेट आजीचीच साक्ष काढली. "चेपते गो बाय," आजी म्हणाली, "पन चिमटं पन काढते." आक्कांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

त्याच वर्षी शहाडच्या वीटभट्टीवरून काशी नावाची एक नऊ-दहा वर्षांची मुलगी येत होती. गाणं एकदा ऐकलं, की पोरीच्या तोंडात बसलंच. एरवी वचन आक्का स्वतः मुलांकडून घोकून घेत. पण सहाव्या दिवशी उशीर झाला, म्हणून त्यांनी चिठ्ठ्या लिहून वाटल्या आणि घरून पाठ करून या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काशीला एक शब्द म्हणता येईना. आक्कांचं डोकं उन्हानं तापलेलं. "पाठ झाल्याशिवाय येऊ नकोस," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. काशी मान खाली घालून गेली आणि परत आलीच नाही.

समारोप झाल्यावर आक्का सगळ्यांत आधी शहाडला निघाल्या. आम्ही पोचलो तर भट्टी थंड. पावसाळा तोंडावर आलेला, मजूर बिऱ्हाडं उचलून गावी गेलेले. मुकादम म्हणाला, "दिवाळीनंतर येतील. पन हीच मान्सं येतील, याचा काय नेम नाय." आक्का विटांच्या ढिगावर बसल्या. "मास्तर, मी तिला हाकललं हो." मी शहाणपणानं म्हणालो, "अहो, चाळीस मुलांत एखादं गळायचंच." माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ते एखादं कोण, हे मला ठाऊक आहे ना!" पुढे दर रविवारी मुलांची हजेरी घेताना त्या काशीचं नाव वाचत, थोडं थांबत आणि चौकट कोरी ठेवत. "आता नाव काढून टाका," असं मी एकदा म्हणालो. आक्कांनी बुक मिटलं आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

दिवाळी झाली आणि नदीकडे पुन्हा भट्ट्यांचा धूर दिसू लागला. आक्कांनी बूट चढवले. काशी डोक्यावरून विटा वाहत होती. आक्कांना पाहताच विटा खाली टाकून ती झोपडीत पळाली. संपलं, मी मनात म्हटलं. पण पोर बाहेर आली. हातात चिंधीची गाठ होती, तिच्यात ती चिठ्ठी, घड्यांवर विरलेली. "बाई, अजून पाठ नाय झाला," ती म्हणाली. "वाचून दावनारा कोनी गावलाच नाय. गावाला पन समद्यांना इचारला."

आक्कांनी चिठ्ठी हातात घेतली. मुलांच्या घरोघरच्या खोड्या ज्यांच्या बुकात होत्या, त्यांनी या पोरीला वाचता येतं का, एवढंच विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर मास्तर. "चुकलं माझं, पोरी," आक्का म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. मग त्यांनी वचन तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा काशीनं ते न अडखळता म्हटलं. आक्कांनी तिथेच बुक उघडून मे महिन्यातल्या त्या दिवसापुढे 'हजर' लिहिलं.

त्या हिवाळ्यात दर शनिवारी आक्का काशीला अक्षरं शिकवायला शहाडला जात. पुढच्या वर्षी भट्टीवर दुसरीच माणसं आली. काशी पुन्हा दिसली नाही.

आक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते बुक माझ्याकडे आलं, तेव्हा काशीच्या नावाखाली त्यांच्या अक्षरात आणखी एक नाव सापडलं, त्यांचं स्वतःचं. पुढे निश्चय: 'आधी विचारीन.' हा निश्चय तपासायला आता कुणाच्या दारी जाऊ? मे महिन्यात चिठ्ठ्या वाटताना मीच प्रत्येकाला विचारतो, "वाचता येतं ना रे बाळा?" आणि जे पोर मान खाली घालतं, त्याच्याशेजारी जाऊन बसतो.