नानांसाठी बदललेला स्लाइड मास्टर

शुक्रवारची दुपार, साताऱ्याची एमआयडीसी, आमच्या कंपनीची कॉन्फरन्स रूम… आणि हणमंतनाना पहिल्याच स्लाइडवर गप्प उभे!

काळ विंडोज पंच्याण्णवचा. मी तेव्हा प्लॅनिंगला होतो. कॉम्प्युटरचा एकही क्लास केलेला नाही, हे आजही छाती काढून सांगतो. जे आलं ते एफ-वन दाबून, हेल्प वाचून आणि शेजारी डिक्शनरी ठेवून आलं.

नाना म्हणजे आमचे लेथ ऑपरेटर. मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, रोज उंब्रजहून एसटीने यायचे. तयार शाफ्ट ट्रेमध्ये ठेवताना एकमेकांवर घासून ओरखडे पडायचे, ऐन शेवटी माल रिजेक्ट व्हायचा. नानांनी ट्रेमध्ये जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बसवल्या, आणि ओरखडे बंद!

ही आयडिया कराडला क्वालिटी सर्कलच्या, म्हणजे कामगारांनीच केलेल्या सुधारणांच्या, स्पर्धेत मांडायची ठरली. नियम एकच… बोलणार तो ऑपरेटरच. साहेब लोकांनी तोंड उघडायचं नाही. म्हणजे नाना बोलले तर आमची टीम, नाहीतर बाद.

स्लाइडचं काम अर्थातच माझ्याकडे. पॉवरपॉईंटमधले तयार टेम्प्लेट मला पसंत पडले नाहीत. मराठी फॉन्ट टाकला की वरच्या वेलांट्या कापल्या जायच्या. मग मी स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइडचा मिळून एकच साचा, उघडून ओळींमधलं अंतर वाढवलं, शीर्षक थोडं खाली घेतलं, गडद निळं बॅकग्राउंड, खाली सोनेरी रेघ… दोन आठवडे घालवले. बारा स्लाइडमध्ये एक ओळ इकडची तिकडे नाही.

सगळं ट्रान्स्परन्सीवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदांवर, छापलं आणि त्या शुक्रवारी तालमीला ओएचपीवर, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरवर, लावलं. निळा रंग भिंतीवर जरा काळपटच आला, हे कबूल करतो. पण नाना का अडकले ते कळेना. घाम पुसत म्हणाले, "आवं सायेब, लय झ्याक हाय. पर ह्यात बघू कुठं मी?"

"वरून खाली वाचत या की नाना."

"वाचायला येतंय मला. बोलायला येईना झालंय." आणि प्लास्टिकचा कागद टेबलावर ठेवून ते सरळ खाली मशीन शॉपवर निघून गेले. जाता जाता, "दुसरा कुणीतरी बघा," एवढंच म्हणाले.

मला राग आला, खोटं कशाला बोलू… दोन आठवड्यांची मेहनत, आणि ह्यांना बघायचं कुठं ते कळत नाही!

समजूत काढायला मी खाली गेलो. शिफ्ट बदलत होती. नाना सेकंड शिफ्टच्या शिंदेंना काम सांगत होते. हातात जॉब कार्ड, म्हणजे प्रत्येक कामासोबत मशीनवर येतो तो कागद. नानांचं बोट त्यावर फिरत होतं. डावीकडे वर पार्टचं नाव, मध्ये ड्रॉइंग, त्याखाली ओळीने ऑपरेशन, उजव्या कोपऱ्यात चेकिंग. "हितं घसरतंय बघ गड्या, हितं दाब कमी द्यायचा…" एका दमात, न अडखळता. मगाशी हाच माणूस मुका झाला होता!

मी तिथेच उभा राहिलो. नानांची नजर कितीतरी वर्षं त्याच वाटेने फिरत होती, आणि मी तिला भलत्याच रस्त्याला लावलं होतं.

तसाच वर आलो आणि मास्टर उघडला. निळं बॅकग्राउंड उडवलं, पांढरं केलं. सोनेरी रेघ काढताना थोडं जिवावर आलं… पण काढली. शीर्षक डावीकडे वर, मजकूर खाली, मध्ये ड्रॉइंगला मोकळी जागा, उजव्या कोपऱ्यात चेकिंगची चौकट. एकाही स्लाइडवर मी हाताने काही सरकवलेलं नव्हतं, सगळं मास्टरमधूनच. त्यामुळे मास्टर बंद केला आणि बाराच्या बारा स्लाइड एका झटक्यात जॉब कार्ड झाल्या! खुर्चीत बसल्या बसल्या मी टाळी वाजवली. मग मध्ये ट्रे, शाफ्ट आणि ट्यूबची पट्टी काढत बसलो. गोल अगदी गोल येईपर्यंत.

शनिवारी नानांनी नवी ट्रान्स्परन्सी हातात घेतली, सवयीने बाहीला पुसली, उजेडाकडे धरली आणि माझ्याकडे बघून हसले. "आत्ता कसं! हे आमचं हाय." आणि सुरू झाले.

स्पर्धेच्या दिवशी कराडच्या त्या हॉलमध्ये नाना बोट ठेवून असे बोलत होते, जणू समोरचे सगळे सेकंड शिफ्टला आलेत. वेळ संपल्याची घंटा वाजली. नाना थांबेनात. पुन्हा वाजली. परीक्षक म्हणाले, "नाना, वेळ संपली."

"आवं थांबा जरा, अजून चेकिंग ऱ्हायलंय!"

हॉल हसून लोटपोट. परीक्षकांनीही हात जोडले आणि चेकिंग होऊ दिलं. आमचा दुसरा नंबर आला. पहिल्यावाल्यांपेक्षा जास्त टाळ्या मात्र नानांना.

मी मागच्या रांगेत होतो. सातव्या स्लाइडवर छापताना चौकटीची रेघ केसभर तिरकी आलेली मला तिथूनही दिसत होती. बाकी कोणाला दिसली नाही. माझ्या टेम्प्लेटबद्दल त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही… सगळे नानांचंच ऐकत होते.

त्यानंतर शेकडो प्रेझेंटेशन केली, कौतुकही भरपूर झालं. पण आपण केलेला लेआउट खरंच जमलाय, असं मनापासून वाटलं ते त्या मागच्या रांगेत. नाना, तुमचे उपकार आहेत हो माझ्यावर.