निल्याला गिल्डमधून काढलं तेव्हा

चार माणसं एकत्र आली की किस्से साठतातच, कारखान्यात रंगाचे रिकामे डबे साठतात तसे. फेकवत नाहीत! पेणला मी गणपतींच्या डोळ्यांची आखणी करते आणि दुपारच्या सुट्टीत मोबाइलवरच्या गेममधलं वीस जणांचं गिल्ड, म्हणजे टोळी, सांभाळते. सगळे मिळून राक्षस मारतो. मला म्हणतात लीडरताई. हल्ली हे किस्से जास्तच आठवतात, कारण रोह्याचा निल्या आता आमच्यात नाही. मीच काढलं त्याला. परत ये म्हणून चार महिने मेसेज करतेय, उत्तर नाही.

*

आमची शिक्षा गावकीसारखी. चुकेल त्याने कॅमेऱ्यासमोर नारळ फोडायचा आणि "चुकलो" म्हणायचं. खांब गावच्या सुहासने सगळ्यांचा खजिना एकट्याने लाटला, मग नारळ फोडला. तेवढ्यात मागून बायको आली.

"ताई, बाजारातनं आणा म्हटलं की विसरतात! उद्या पण चुकू दे त्यांना, नारळीभात करायचाय!"

*

धरमतरच्या जेटीवरचा दिन्या ऐन लढाईत गायब झाला. आम्ही सगळे मेलो! झापला तर म्हणतो, "बार्ज लागली व्हती. राक्षस थांबतो ताई, भरती थांबत नाय!"

तेव्हापासून लढाई ठरवताना मी आधी भरतीची वेळ विचारते.

*

कासू गावचे दोन सख्खे भाऊ एका तलवारीवरून चॅटवर हमरीतुमरीवर आले. मी लिहिलं, "अरे, एकाच घरात आहात ना? तोंडाने बोला!"

धाकट्याने लिहिलं, "तोंडानं बोलणं बंद हाय ताई, बांधावरनं. हितंच काय ते बोलतो."

तलवार मी दोघांना दिवसाआड वाटून दिली.

*

आणि निल्या! कंपनीतली शिफ्ट संपली की माइक चालू. नेटवर्कला शिव्या, राक्षसाला शिव्या, स्वतःच्या अंगठ्याला शिव्या! वर गडगडाटी हसणं.

"निल्या, समोर गणपती आहे रे!"

"त्याचे कान बघ केवढे! माज्या आधी पण आयकलं असंल त्यानं!"

नारळ फोडून दमला, सुधारला नाही. एकदा सुट्टी संपली तरी मी इअरफोन काढला नव्हता. तो असा ओरडला की माझा ब्रश हलला आणि गणपतीचा डोळा बिघडला. मालकांनी सगळ्यांसमोर सुनावलं. त्याच रागात मी निल्याला काढून टाकलं.

आता माइकवर कोणी वाकडा शब्द काढत नाही. फारसं कोणी येतही नाही. सांगायला लाज वाटते, पण मला त्या शिव्यांची फार आठवण येते.

*

गेल्या आठवड्यात सुहासकडून पत्ता घेतला आणि थेट रोह्याला गेले. निल्या शिफ्टला गेलेला. दार त्याच्या आईने उघडलं. "निल्या आहे का?" एवढंच मी विचारलं, तर नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "तूच ती लीडर ना गो? मोबाइलमधनं तुजा आवाज यायचा."

मी चाचरत म्हटलं, "मावशी, तो शिव्या फार द्यायचा, म्हणून..."

तिने चहा पुढे ठेवला. घरात दोघंच, ती आणि तो.

"बाप गेल्यापासनं माज्याशी बोलत नाय गो. तुमच्यासंगती वरडायचा, हसायचा, ते आयकत मी भाकऱ्या थापायची. आता येतो, जेवतो, भिंतीकडं तोंड करून पडतो."

मी उचललेला कप तसाच खाली ठेवला.

"परत घे गो त्याला," ती म्हणाली. "शिव्या देऊ दे."