चर्चमधली संयुक्त राजधानी

ज्या वर्षी आंध्र आणि तेलंगणा वेगळे झाले त्याच वर्षी आमच्या चर्चचेही दोन भाग झाले. राज्याचं सगळ्या टीव्हीवर आलं, आमचं फक्त नोटीसबोर्डवर.

म्हणजे भिंतबिंत काही घातली नाही. हैदराबादेत कोठी भागातल्या मागच्या गल्लीत आमची मराठी मंडळी भरते, दर रविवारी सकाळी, साठ-सत्तर जण, बहुतेक घरं मराठवाड्यातून कधीतरी आलेली. भांडण होतं आवाजाचं. ज्येष्ठांना हवी पेटी, तबला आणि झांज. आम्हा तरुण संघाला हवा कीबोर्ड, गिटार आणि ऑक्टोपॅड. ऑक्टोपॅड मी वाजवायचे. तेव्हा मी बारावीत होते आणि माझं ठाम मत होतं की गाणं छातीत धडधडलं नाही तर ते देवापर्यंत काय, पंख्यापर्यंतही जात नाही.

झांज वाजवायचे माझे आजोबा. त्यामुळे चर्चमधलं भांडण आमच्याकडे बरकतपुऱ्यात घरपोच यायचं. आजोबा म्हणायचे, तुझ्या त्या मशीननं माझं काळीज हलतं, डॉक्टरला गोळ्या वाढवायला सांगावं लागेल. मी म्हणायचे, तुमच्या झांजेनं माझे दात हलतात, त्याचं काय?

कमिटीच्या तीन मीटिंगा झाल्या. त्या दिवसांत टीव्हीवर दुसरं काही नसायचंच, म्हणून कमिटीलाही तोच उपाय सुचला: वाटणी. पहिला अर्धा तास ज्येष्ठांचा, शेवटचा अर्धा तास तरुणांचा, आणि मधला पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, दोघांचा. हैदराबाद जशी दहा वर्षं दोन्ही राज्यांची, तसं. कुणीतरी त्या मधल्या वेळेला संयुक्त राजधानी म्हणालं आणि नाव चिकटलं. पाळकसाहेब स्वतःसुद्धा तसंच म्हणायला लागले.

मग पहिल्या अर्ध्या तासात आम्ही बाहेर व्हरांड्यात बसून बिस्किटं खायचो, आणि संदेश संपला की ज्येष्ठ उठून व्हरांड्यात यायचे. दारात दोन्ही पार्ट्या एकमेकांना अदबीनं सलाम करायच्या. आजी एकटीच दोन्ही भागांना बसायची. पहिल्यात आजोबांना बघायची, दुसऱ्यात मला.

असं चाललं होतं आणि आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आमच्यात अशा वेळी चर्चमध्ये उपकारस्तुती करतात. कुटुंब पुढे उभं राहतं, त्यांच्या आवडीचं गीत होतं, पाळक प्रार्थना करतात, शेवटी सगळ्यांना केक आणि चहा. सेक्रेटरी अंकल घरी आले विचारायला, कुठल्या भागात लिहू? आजोबा म्हणाले, पहिल्या, त्यात विचारायचं काय. मी म्हणाले, पन्नास वर्षांचं सेलिब्रेशन आहे, ते काय पेटीवर करणार? दोघं एकाच वेळी बोलत होतो. अंकलचं पेन हवेतच.

आजी कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"अहो, त्या दिवशी लग्न माझंबी झालं होतं ना?"

तिनं हात पदराला पुसले.

"गाणं एकच होईल. तुम्ही झांज घेऊन एका बाजूला, ही तिचं मशीन घेऊन दुसऱ्या बाजूला, मी मध्ये. दोघं एका गाण्यात येत नसाल तर मला उपकारस्तुती नक्को. मी घरीच प्रार्थना करते."

आजीची धमकी खरी असते. एकदा आजोबांवर चिडून तिनं चहा सोडला होता तो सहा महिने. अंकलनी मुकाट्यानं लिहिलं: संयुक्त राजधानी, संदेशाच्या आधी.

गाणं तिच्या आईनं तिला शिकवलेलं, जुनं, सहा कडव्यांचं. मला मराठी वाचायला वेळ लागतो, शाळेत इंग्लिश आणि तेलुगूच होतं, म्हणून ती सांगत गेली आणि मी इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं. प्रॅक्टिस मी माझ्या खोलीत हेडफोन लावून केली. आजोबांनी केलीच नाही, म्हणाले, अख्खं आयुष्य वाजवतोय. आजी दोनदा म्हणाली, एकदा तिघं बसू या की. आम्ही दोघांनी हौ हौ केलं आणि बसलो नाही. मला वाटलं आजोबा माझ्यामागे येतील. त्यांना वाटलं मी त्यांच्यामागे जाईन.

पहिलं कडवं बरं गेलं. लोकांनी माना वगैरे डोलावल्या. दुसऱ्यात आजोबा पुढे सरकायला लागले. भजनात जशी लय चढवतात तशी कडव्या-कडव्याला चढवायची त्यांची सवय. माझा ठेका पॅडमध्ये भरून ठेवलेला, तो कशाला चढतोय. त्यांना ठेका कळावा म्हणून मी आवाज थोडा वाढवला. मला लय कळावी म्हणून त्यांनी झांज जोरात हाणली. मी अजून वाढवला. चौथ्या कडव्यापर्यंत डावीकडचे बाक त्यांच्याबरोबर, उजवीकडचे माझ्याबरोबर, आणि दोन्हींत अख्ख्या एका ओळीचं अंतर. पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. प्रार्थनेसाठी की कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. आणि खरं सांगू? मला मजा येत होती. हरवायचंच होतं मला त्यांना.

आजोबा आधी पोचले. शेवटची झांज वाजवून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्यांना बस मिळाली आणि माझी चुकली. मी एका ओळीनंतर संपवलं, आणि वर एक मोठा दणका दिला.

मग कळलं की गाणं संपलेलंच नाही.

आजी गात होती. ती ना त्यांच्या लयीत होती ना माझ्या. आपली निवांत, तिच्या आईनं शिकवलं असेल तशी, शेवटच्या कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी. आवाज बारीक, थोडा कापरा, पण सूर एकदम पक्का. तिच्यासमोर माईक ठेवायचं आम्हा दोघांपैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असणार, कारण कुणी हललं नाही. तिनं सावकाश आमेन म्हटलं, पदर सारखा केला आणि प्रार्थनेसाठी डोकं झुकवलं.

केक झाला, चहा झाला. घरी जाताना ऑटोत आजी मध्ये बसली. मग आजोबांनी हळूच विचारलं, झालं ना तुझ्या मनासारखं, दोघं होतो ना एका गाण्यात.

"होतात ना," आजी म्हणाली. "माझ्या वाट्याला दोन ओळी आल्या. बाकीचं गाणं तुम्ही दोघांनी खाल्लं."

आजोबा बाहेर बघायला लागले. मी फोन काढला, परत ठेवला, आणि सॉरी म्हणाले. आजोबांनी घसा खाकरला. त्यांच्याकडून तेवढंच येतं.

काचीगुड्याच्या अलीकडे सिग्नलला ऑटो थांबला आणि आजीनं गाणं सुरू केलं, पहिल्या कडव्यापासून. दुसऱ्याच ओळीला आजोबांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. तिनं न थांबता त्यांचा हात उचलला आणि आपल्या मांडीवर घट्ट दाबून ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. मी माझे दोन्ही हात आधीच ओढणीत गुंडाळून बसले होते.