जागचं हललेलं चर्च

नीलांबरी म्हणजे चहाची साखरसुद्धा सपाट चमच्याने घालणारी बाई. कोलोरॅडोच्या डोंगरांत काउंटीच्या ऑफिसात तिला कामही तसंच मिळालं. सोन्याच्या खाणी चालू होत्या तेव्हाचे, शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे आजच्या नकाशावर बसवायचे, म्हणजे विसरलेले शाफ्ट कुठे आहेत ते कळतं. खाणवाले जाताना या खोल विहिरींच्या तोंडांवर फळ्या टाकून, माती लोटून गेले. फळ्या कुजत राहतात. वरून काही कळत नाही; थंडीत तेवढी खालची उबदार हवा वर येते.

नकाशा बसवायला न हललेली एक पक्की खूण लागते. नीलांबरीने गावातलं लाकडी चर्च धरलं. रस्ते वळतात, पण देव एकदा बसला की बसला, ही तिची पुण्यातली समजूत. जुन्या नकाशातला ओढा मात्र आजच्या ओढ्यावर नीट बसत नव्हता. जुन्या सर्व्हेवाल्याचा हात हलला असेल, म्हणून तिने तो सोडून दिला.

त्याच नकाशाच्या भरवशावर तिने मैत्रिणीला, प्रतिमाला सांगितलं होतं, "प्लॉट एकदम क्लिअर आहे, डोळे मिटून घे." प्रतिमाने घेतला, घर बांधलं आणि लहानग्या लेकीला, स्वानंदीला घेऊन राहायला आली.

पहिला बर्फ पडला त्या शनिवारी प्रतिमाकडे जेवायला जाताना नीलांबरी चर्चपाशी सहज थांबली. दाराजवळ पितळी पाटी होती. खाणी बंद पडल्यावर नवा रस्ता झाला तेव्हा हे चर्च ओंडक्यांवर चढवून, घोडे जुंपून ओढ्यापलीकडून इथे आणलं होतं.

गाडीत बसून तिने लॅपटॉपवर जुना नकाशा चर्च हललं होतं तेवढ्या अंतराने सरकवला. आता ओढा ओढ्यावर चपखल बसला. शाफ्टही सरकले, आणि त्यातला एक प्रतिमाच्या मागच्या अंगणात येऊन थांबला. आपल्या हुशारीची तिला शिसारी आली.

तिने फोन लावला. "प्रतिमा, स्वानंदी कुठे आहे?"

"बॅकयार्डमध्ये खेळतेय. काय झालं?"

"तिला आत घे. आधी आत घे, मग सांगते."

"अगं, स्नोसूट घातलाय तिला. आणि तिची एक जागा आहे, तिथे बर्फ टिकतच नाही. मस्त गोल, कोरडी. वॉर्म लागतं म्हणते. थांब, बोलावते."

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. प्रतिमाने लेकीला हाक मारली. मग पुन्हा मारली, या वेळी पूर्ण नावाने.