दिवेलागणीचं शिंगापूर

मी रेडिओ बंद केला. चूक एवढीच. काळं बटण डावीकडं फिरवलं, टक् आवाज झाला आणि मी पदर सावरत आत पळाले.

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय. सासरी आल्या आल्या नवरा समजून दिराला पाण्याचा तांब्या नेऊन दिला होता, आणि तो मेला पिऊनही मोकळा झाला. पुरणात गुळाऐवजी मीठ घालून सोळा माणसांचं जेवण वाया घालवलंय. असल्या गोष्टी सांगून मी दिराच्या नातवंडांना हसवते. ती माझीच नातवंडं, मला वेगळी नाहीत. रेडिओची गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. आता लिहून टाकते. लिहिताना मधेच कुणी "आजे, मंग काय झालं?" असं विचारत नाही.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव बीड जिल्ह्यात, नेकनूरच्या अलीकडं, घरात सासऱ्यांची, मामंजींची, पाटीलकी. रेडिओ आणला आमच्या ह्यांनी. हे निजामाच्या फौजेत होते. हैदराबादहून सुट्टीवर आले ते गाडीत कडब्यावर बसून, मांडीवर रेडिओ घेऊन. बारशाला बाळ धरावं तसा धरला होता. लिंबाच्या शेंड्यापासून माळवदापर्यंत तांब्याची तार ओढली. गावात वीज कसली! जड बॅटरी होती, ती उतरली की गाडीत घालून बीडला जिनिंगवर भरायला न्यावी लागायची.

संध्याकाळी सोप्यात गाव गोळा झाला. हैदराबादेचं गाणं लागलं, मामंजींनी मिशीवर हात फिरवला, झालं. घरातल्या बाकीच्यांचा रेडिओ तिथंच संपला. ह्यांचा नाही. दुपारी सगळे शेतात गेले की हे मला हाक मारायचे आणि दाराला कडी घालायचे. मला वाटायचं, चला, नवरा रंगात आला. आणि हे रेडिओपुढं मांडी घालून बसायचे!

"हे बटण हळू फिरवायचं. ताक घुसळल्यावानी न्हाई. चाळणीतून पीठ कसं पडतं, तसं."

मी फिरवलं की आतून शीळ निघायची, मग ज्वारीच्या लाह्या फुटल्यागत तडतड, मग एकदम कुठला तरी माणूस बोलायला लागायचा. पहिल्या दिवशी मी डोक्यावर पदर घेतला. परपुरुष बोलतोय म्हटल्यावर घ्यायला नको? हे हसून हसून भिंतीला टेकले.

"एवढ्या लांबच्या माणसांचं कशापायी आयकायचं? आपल्याला कळतंय का काही?" मी विचारलं.

"लांबचंच आयकायला घेतलाय. जवळचं आयकवायला आई हाय की."

मला नाद लागला तो तेव्हा. ह्यांची सुट्टी संपली, हे गेले, त्यांची पलटण बोटीत बसून मलायाकडं गेली, आणि मी इकडं बटण फिरवत बसले. काचेवरची अक्षरं इंग्रजी, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन मी काचेवर ठिपके दिले. एक ठिपका खोकणाऱ्या बुवाचा. एक बोलण्याआधी हसणाऱ्या बाईचा. एका ठिकाणी अशी भाषा होती की बोलणाऱ्याच्या तोंडात गरम बटाटा असावा. एक भाषा नुसती भांडणाची. मला ती फार आवडायची, माहेरची आठवण यायची. कुठला देश, कुठलं गाव, मला काय ठाऊक. आवाज कधी जवळ यायचा, कधी विहिरीत उतरल्यागत खाली खाली जायचा, आणि मी वेडी खाली वाकून बघायचे.

माझी वेळ दिवेलागणीची. गडीमाणसं गोठ्यात धारा काढायला, सासूबाई, म्हणजे आत्याबाई, चुलीपाशी, आणि मी सोप्यात कंदिलाच्या काचा पुसायला. पाच काचा पुसायला मला इतका वेळ का लागतो, हे आत्याबाईंना कधी उमगलं नाही. पुसून पुसून काचा झिजल्या असतील.

ह्यांची दोन पत्रं आली. मग शिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि पत्रं थांबली.

पुढं कधीतरी, खोकणाऱ्या बुवाच्या थोडं अलीकडं, एक हिंदुस्थानी बोलणारा आवाज सापडला. शिंगापूरहून बोलतोय म्हणाला. गाणं झालं, बातम्या झाल्या, आणि मग कैदेतल्या शिपायांची नावं वाचायला लागला. जिल्हा, गाव, नाव, बापाचं नाव. मग घरच्यांना दोन ओळींचा निरोप, आणि पत्र कुठं धाडायचं तो पत्ता. माझ्या हातातली काच तिथंच फुटली. आत्याबाईंना मांजराचं नाव सांगितलं.

मी सगळ्यांना सांगणारच होते. पण त्याच आठवड्यात पोलिसातले अमीनसाहेब चहाला आले आणि जाताना म्हणाले, "पाटील, शत्रूचं स्टेशन लावू नका. लायसन जाईल, वर चौकशी होईल." मामंजी सरकारच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. त्यांनी सोप्यात उभं राहून, आतल्या बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या घरात शिंगापूर लागायचं न्हाई."

झालं. मी चोरून ऐकायला लागले. रोज. आवाज बारीक ठेवून, कान रेडिओच्या जाळीला लावून. पंजाबातली गावं, मद्रासकडची गावं, कुठली कुठली माणसं. ती नावं ऐकता ऐकता मला त्यांच्या आयांची काळजी वाटायची. कुणी बाई कुठल्या तरी गावात माझ्यासारखी काच पुसत बसली असेल का, असं मनात यायचं. बॅटरी लवकर उतरायला लागली. मामंजी म्हणाले, "रेडिओ कुणी लावत न्हाई, मंग बॅटरी कशी उतरती?"

आत्याबाई म्हणाल्या, "उंदरं लावीत आसतील."

मामंजींनी दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून बॅटरी बीडला धाडली. त्यात कुणाला काही दिसलं नाही, मला तर नाहीच. मला त्या वयात माझ्या हुशारीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

आता तो दिवस. ज्वारी काढणीला आली होती, हवा स्वच्छ होती. शिंगापूर शेजारच्या घरातून बोलावं इतकं साफ लागलं होतं. हैदराबादच्या फौजेतले शिपाई आज, असं तो म्हणाला. मी कान जाळीला घट्ट दाबला. एक नाव झालं, परभणीचं. एक नांदेडचं. मग तो म्हणाला, "जिला बीड, मौजा..."

आणि ओसरीवर मामंजी खाकरले.

आमच्याकडं मोठा पुरुष घरात शिरताना खाकरतो. सुनांनी उठावं, आत जावं, म्हणून. लग्न झाल्यापासून त्या आवाजाला माझे पाय आपोआप उठत होते. डोकं त्यात नसायचंच. तेव्हाही नव्हतं. पुढचं एक गाव, एक नाव ऐकायचं सोडून हाताने बटण फिरवलं आणि पायांनी मला आत नेलं. माजघरात भिंतीला पाठ लावून उभी राहिले तेव्हा कळलं, मी काय केलं ते. मामंजी सोप्यात येऊन उभे राहिले. बराच वेळ. मग बाहेर निघून गेले.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? बंदी मोडून ऐकत होते, आणि ऐकायचं तेवढंच ऐकलं नाही? मनाला समजावलं की बीड जिल्ह्यातले शिपाई काय थोडे आहेत, दुसऱ्या कुणाचं नाव असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. महिनाभर लावला, वर्षभर लावला. पुन्हा पंजाब, पुन्हा मद्रास. बीड काही पुन्हा आलं नाही. आता कुणी खाकरलं तरी उठायचं नाही, असं मी ठरवून बसायचे, आणि दिवेलागणीला ओसरीवर कुणी खाकरलंच नाही. रोज हसणारी ती बाईसुद्धा मला नकोशी झाली.

लढाई संपली. फौजेकडून उर्दू कागद आला: लापता. आत्याबाई म्हणाल्या, लापता म्हणजे मेला न्हवं, कुंकू लावत जा. मी लावत गेले.

मग केजकडचा एक शिपाई आला. ह्यांच्याच पलटणीतला. वाळून काटकी झालेला. सोप्यात मामंजींपुढं बसला होता, मी दाराआड उभी होते. तो म्हणाला, कैदेत तिसऱ्या वर्षी तापानं गेले. हाताशी औषध नव्हतं. मी दार धरून ठेवलं. मग तो म्हणाला:

"पाटील, तुमाला रेडिओवर कळलं न्हाई व्हय? त्यांचं नाव गेलं व्हतं की. ज्वारीच्या काढणीच्या टायमाला. त्यांच्यामागून माझं गेलं. माझं मोमिनाबादेत कुणीतरी आयकलं, माझ्या चुलत्याला निरोप दिला, वर्साभरानं का व्हईना, मला घरचं पत्र घावलं. ह्यांचं काई आलंच न्हाई. पत्रं वाटायची झाली की सगळ्यात फुडं जाऊन बसायचे. मी म्हनलं, गावात कुणी आयकलं नसंल. तर मलाच येड्यात काढायचे. म्हनायचे, माझ्या घरी रेडिओ हाय, आन् लावणारं मानूस बी हाय. तिनं आयकलंच आसंल. पत्र वाटंत कुठंतरी आडकलंय."

त्या दिवशी माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. बायका गळ्यात पडून रडल्या. मी रडले ते त्यांना वाटलं त्याच्यासाठी नव्हतं. माणूस मरतो. पण हे दीड वर्ष पत्रं वाटायच्या रांगेत पुढं जाऊन बसले, माझ्या भरवशावर.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी मामंजी लिंबाखाली अंबाडीचा दोर वळत बसले होते. सुनेनं सासऱ्याशी समोर येऊन बोलायची रीत नव्हती. मी गेले. पदर घेतला आणि त्यांच्या पायाशी खाली बसले.

"मामंजी, मला बोलायचंय."

ते दोराकडंच बघत होते.

"मी चोरून शिंगापूर लावायचे. त्या दिवशी तो माणूस जिल्हा बीड म्हणाला. पुढचं नाव ह्यांचंच होतं. तुम्ही खाकरलात, आणि मी बंद केला. पत्र माझ्यामुळं गेलं नाही."

मला वाटलं, उठतील, माहेरी धाडतील, निदान शिवी तरी देतील. दोर वळायचा थांबला. त्यांनी पिळा सोडून दिला, तो आपला आपण उलगडत गेला. मग ते माझ्याकडं बघून बोलले, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

"सूनबाई, जिल्हा बीड मी बी आयकलं व्हतं. तू लावायचीस, तवा रोज मी ओसरीला दाराच्या फटीला कान लावून हुभा ऱ्हायचो. सरकारचा मानूस मी, मला आत येऊन आयकता येत न्हवतं. त्या दिशी बीड म्हनला आन् मला ऱ्हावलं न्हाई. नाव नीट आयकू यावं म्हून आत यायला निघालो, आन् सवयीनं खाकरलो."