किल्ल्याच्या फोटोतला धनगर

मंडळी, आज सकाळी सोलापूरच्या किल्ल्यात निवांत भटकलो. इमारतींच्या फोटोंच्या प्रदर्शनासाठी बुरुजाचा फोटो हवा होता आणि कॅमेऱ्यात घालायची काचेची एकच प्लेट उरली होती.

कॅमेरा लावला, तर समोर मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर.

"आजोबा, बाजूला व्हा. फोटो उमटायला वेळ लागतो, मधे कुणी हललं तर बिघडेल."

"मेंढरं हलत्याल, मी कशाला हलतुय? दिसभर उभं ऱ्हायाचंच काम हाय की!"

म्हटलं, बघूच. काठीवर हनुवटी टेकून तो उभा राहिला.

संध्याकाळी प्लेट धुतली. हललेल्या मेंढरांचं नुसतं धुकं झालंय. बुरूज आणि धनगर मात्र लख्ख!

परीक्षक म्हणतील, इमारतीच्या फोटोत माणूस कशाला? म्हणू देत. मी हाच लावणार.

तुम्ही बघायला या आणि एवढंच सांगा, दोघांत जास्त भक्कम कोण उभं आहे?